भद्दसाल जातक : वृक्षदेवता कोणाला वाचवते?

फुलणाऱ्या झाडांत राहणाऱ्या आणि त्यांना जपणाऱ्या पऱ्या म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पंखवाली, चिमुकली, इंग्रजी बालपुस्तकातली आकृती येते. आपल्या परंपरेत त्या जागी यक्षी आहेत, वनदेवता आहेत आणि पाली वाङ्मयातली ‘रुक्खदेवता’ आहे. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर फुललेल्या झाडाला हातापायांनी बिलगलेली चंदा यक्षी कोरलेली आहे. तो कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. शिल्पातल्या या स्त्रियांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत पाठात आपण शिल्प बाजूला ठेवून एक कथा वाचणार आहोत : जातकसंग्रहातील ४६५ क्रमांकाचे भद्दसाल जातक.

वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याला एकाच खांबावर उभा असलेला प्रासाद हवा असतो. जंगलात मोठी झाडे मिळतात, पण वाट खडतर असल्याने ती आणता येत नाहीत. शेवटी सुतारांना राजाच्याच उद्यानात एक सरळसोट, भव्य सालवृक्ष सापडतो. गाव त्याची पूजा करते, राजकुलही करते. तरी राजा तो तोडायला सांगतो. सुतार झाडाला हार घालतात, दिवा लावतात आणि जाहीर करतात : सातव्या दिवशी झाड पाडू, इथे राहणाऱ्या देवतेने दुसरीकडे जावे, दोष आमचा नाही. (सरकारी नोटिशीची भाषा किती जुनी आहे, हे इथे सहज दिसते.)

देवता मध्यरात्री राजाच्या शयनगृहात प्रकट होते, रडत. ती आपल्या पूजेचा जुना इतिहास सांगते, पण राजा बधत नाही. मग ती विलक्षण मागणी करते : मला एकदम पाडू नका, आधी शेंडा, मग मधला भाग, मग बुंधा, असे तुकड्यातुकड्यांनी तोडा. राजा चक्रावतो. चोराचे हातपाय, नाक, कान तोडून शेवटी मुंडके उडवणे ही तर सर्वांत क्रूर शिक्षा. देवता कारण सांगते : माझ्या आश्रयाने भोवती लहान सालवृक्ष वाढले आहेत, ते माझे आप्त आहेत, मी अखंड कोसळले तर ते चिरडले जातील. राजा हेलावतो आणि तिला अभय देतो.

पाठ्यपुस्तकांत या कथेखाली ‘प्राचीन भारतातील पर्यावरणजाणीव’ असा शेरा आढळतो. तो चूक नाही, पण त्याने कथा उलगडत नाही. झाड पवित्र आहे हे राजाला पहिल्यापासून ठाऊक आहे. पावित्र्याने काहीही वाचत नाही. हार घालूनच कुऱ्हाडीची तारीख ठरते. राजाचे मन बदलते ते देवतेच्या सामर्थ्याने नव्हे, तर ती स्वतःसाठी मागणे थांबवते तेव्हा. ही देवता पहारेकरी नाही. तिचे आयुष्य त्या झाडाएवढेच आहे. तिच्याकडे शस्त्र नाही, फक्त मरण्याची पद्धत निवडण्याची विनंती आहे.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘देवता’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी असला तरी ही वृक्षदेवता म्हणजे पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व आहे. त्यामुळे भारहूतच्या यक्षीचे रूप मनात धरून ही कथा वाचली तर घोटाळा होतो.

विनयपिटकातला प्रसंग याच्या जोडीने वाचावा. आळवीचा एक भिक्षू, नको म्हणत असतानाही, झाड तोडतो आणि देवतेच्या मुलाच्या हातावर घाव बसतो. तिच्या मनात येते, याला इथेच ठार करावे. ती स्वतःला आवरते आणि बुद्धांकडे जाते. बुद्ध तिच्या संयमाची प्रशंसा करतात, तिला दुसरे रिकामे झाड दाखवतात, आणि वनस्पती तोडण्याविरुद्ध भिक्षूंसाठी नियम होतो. इथेही बळ वापरले जात नाही. पण तिचे स्वतःचे झाड गेले ते गेलेच.

व्यग्घ जातक (२७२) आणखी कडवट आहे. कुजक्या मांसाच्या वासाला कंटाळून एक वृक्षदेवता सिंह आणि वाघ यांना भयंकर रूप दाखवून हाकलते. त्यांच्या धाकाने माणसे जंगलात येत नव्हती. आता येतात आणि झाडे तोडू लागतात. ती वाघसिंहांना परत बोलवायला जाते, ते नकार देतात. जंगलाची शेती होते. तिचे सामर्थ्य चालते, पण नेमके नको तिथे.

भद्दसाल जातकाचे खरे वजन मात्र त्याच्या वर्तमानकथेत आहे, आणि संक्षिप्त बालआवृत्त्या नेमकी तीच गाळतात. विडूडभ शाक्यांवर सैन्य घेऊन निघतो. त्याच्या हद्दीत दाट सावलीचा वड असताना बुद्ध शाक्यांच्या सीमेवर, विरळ सावलीच्या झाडाखाली जाऊन बसतात. विडूडभ कारण विचारतो. आप्तांची सावली थंड असते, अशा अर्थाचे उत्तर मिळते. तो परत फिरतो. असे तीनदा घडते. चौथ्या वेळी बुद्ध जात नाहीत आणि शाक्यांची कत्तल होते.

आता आतली कथा पुन्हा वाचा. सालवृक्षाचे आप्त वाचले. बुद्धांचे वाचले नाहीत. ज्या झाडाखाली ते बसले, त्यात कोणी देवता होती का, याबद्दल कथा काहीच बोलत नाही. संकलकाने आतल्या कथेचा सुखद शेवट बाहेरच्या संहाराशेजारी ठेवला आहे आणि दोन्ही जुळवून दाखवण्याचा प्रयत्न केलेला नाही. माझ्या मते जातकसंग्रहातल्या ५४७ कथांमध्ये चौकट आणि कथा यांच्यात इतका ताण क्वचितच आढळतो. अनेकदा चौकट केवळ निमित्तापुरती असते. इथे ती कथेला प्रश्न विचारते. राजाने ऐकले म्हणून झाड उभे राहिले. न ऐकणारा राजा आला तर?