भालजींचे मावळे आणि आजचे शिवपट

भालजी पेंढारकरांचे ऐतिहासिक चित्रपट एका खणात आणि ग्रामीण चित्रपट दुसऱ्या खणात ठेवण्याची मराठी समीक्षेची खोड जुनी आहे. दिग्पाल लांजेकरांच्या शिवपटमालिकेचे आणि तिच्या आगेमागे आलेल्या शिवपटांचे ज्या सैलपणे कौतुक झाले, त्याचे मूळ या खोडीत आहे.

भालजी कोल्हापूरचे, आणि कोल्हापुरात हे दोन खण नव्हतेच. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला आणि दोनच वर्षांनी ‘सावकारी पाश’. गड घेणारा आणि सावकाराने नागवलेला शेतकरी एकाच कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. भालजींनी मूकपटापासून सुरुवात केली, ‘वंदे मातरम् आश्रम’साठी ब्रिटिश सेन्सॉरची कात्री सोसली आणि १९३२ च्या ‘श्यामसुंदर’ने रौप्यमहोत्सवी यश पाहिले. त्यांचा स्वतःचा सूर मात्र ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१) आणि ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) या चित्रपटांत लागला. शीर्षके सरदारांची, हेरांची, एका घराण्यातल्या मुलीची आहेत. कमळेची प्रेमकथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, हे खरे. भालजींची पात्रे भाषणे लांबवतात, खलपुरुष एकरंगी असतात, हेही खरे. पण त्यांच्या मावळ्याला घर असते, भाऊबंदकी असते, बोलीला कोल्हापूरकडच्या मातीचा वास असतो.

गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ साली भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि त्यात ‘मीठभाकर’ हा चित्रपटही गेला. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला. पुढे ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) आला. त्यात चंद्रकांतांच्या शिवाजीसमोर मिर्झाराजे म्हणून पृथ्वीराज कपूर उभे आहेत. ‘मराठा तितुका मेळवावा’नंतर (१९६४) वर्षभरातच लोहार जोडप्याची ‘साधी माणसं’ आली. दोन्हींचे संगीत ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांचे. हा क्रम योगायोगाचा नाही. भात्यासमोरचा लोहार आणि तलवार उचलणारा मावळा हा भालजींच्या लेखी एकच माणूस. ‘तांबडी माती’ (१९६९) त्याच माणसाला आखाड्यात नेते. फाळके पुरस्कार मिळाला तोवर नव्वदी उलटली होती. १९९४ मध्ये ते गेले.

‘फर्जंद’ (२०१८) ते ‘शिवरायांचा छावा’ (२०२४) या मालिकेत निष्ठा आहे, अभ्यासाची आच आहे. ‘पावनखिंड’मध्ये अजय पुरकरांचा बाजीप्रभू दमदार आहे. मालिकेबाहेरच्या ‘तान्हाजी’ आणि ‘हर हर महादेव’ यांची दखल तिकीटखिडकीने घेतली, तेवढी पुरे. पण मालिकेतला मावळा लढाईपुरताच जन्मतो. त्याचे शेत कुठे, सारा किती, पेरणीच्या दिवसांत मोहिमेवर गेल्यावर नांगर कोणी धरला, याची चौकशी पटकथा करत नाही. शीर्षकात फर्जंद असो वा सुभेदार, छातीवर वार झेलणारा एकच नायक वेशांतर करून येतो. अंधेरी-सांताक्रूझच्या संगणकांवर गड आणि फौजा वाढवता येतात. माणूस वाढवता येत नाही.

कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) इथे आठवावाच लागतो. गावकरी सामुराईंना भात वाढतात आणि स्वतः भरड धान्यावर दिवस काढतात. लढाई कशासाठी आहे, हे त्या ताटांनी आधीच सांगून टाकलेले असते. ‘मीठभाकर’ काढणाऱ्या दिग्दर्शकाला हे शिकवावे लागले नसते. आजच्या शिवपटांना शिकवावे लागते, आणि ‘भव्य’ हा शब्द बक्षिसासारखा वाटणारे परीक्षक ते शिकवत नाहीत.

साधने नाहीत, ही सबब टिकत नाही. चिपळूणच्या छावणीतील लष्कराला महाराजांच्या वतीने गेलेले पत्र छापील उपलब्ध आहे. रयतेला काडीचीही तोशीस देऊ नका, दाणागोटा बाजारातून विकत घ्या, आगीला जपा, जळती वात उंदीर ओढून नेतील, असा तपशील त्यात आहे. भुकेले शिपाई, धास्तावलेले गाव, गवताच्या गंजी आणि रात्रीचा दिवा: एका चित्रपटाला पुरेल एवढा ताण या एका कागदात असताना सातवी, आठवी लढाई चित्रित होते आहे.