मटकाकिंग आणि आकडा लावणारा

फिरोज खानचा ‘धर्मात्मा’ (१९७५) पुन्हा पाहताना एक उणीव खटकली. प्रेमनाथने रंगवलेला मटकाकिंग रतन खत्रीवर बेतलेला, असे म्हणतात. साचा मात्र ‘गॉडफादर’चा. त्यामुळे घराणे आहे, वैर आहे, वारसा आहे. आकडा लावणारा माणूस तेवढा दिसत नाही.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत आकडे लागत. ते बंद पडल्यावर मूळच्या कच्छच्या कल्याणजी भगतने १९६२ साली वरळीत मटका सुरू केला. फाळणीत कराचीहून आलेल्या खत्रीने १९६४ साली आपला. खत्रीच्या मटक्यात रात्री नऊला तीन पत्ते ओढायचे. ३, ६, ९ निघाले तर बेरीज १८, म्हणून ओपन ८. बाराला क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एकेरी अंकाला साधारण नऊपट पैसे मिळत. तो लागण्याची शक्यता दहात एक. या फरकावरच राजाचे राज्य चाले.

हा हिशेब आपल्या साहित्यात फारसा उतरला नाही. दारुड्यासाठी गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आहे. मटका खेळणाऱ्याच्या वाट्याला बहुधा दुय्यम पात्र येते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात मात्र जुगारी स्वतः बोलतो: बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, तरी फासे बोलावतातच. गिरणगावातल्या चाकरमान्याचा असा आवाज मला अजून भेटलेला नाही. त्याच्या एकाच पगारातून खानावळीचे बिल, गावची मनीऑर्डर आणि आकडा निघायचा. त्यामुळे मटका ही गुन्ह्याइतकीच मजुरीचीही कथा आहे.

मी राहते त्या सरोजिनी नगरच्या बाजारातही फाळणीनंतर आलेल्या कुटुंबांची दुकाने आहेत. त्याच उलथापालथीने खत्रीला मुंबईत आणले. कोणी गल्ला मांडला, कोणी मटका. म्हणून ‘रिकाम्या हाताने आला आणि राजा झाला’ हे सूत्र मला अपुरे वाटते. ते राज्य कोणाच्या खिशातून उभे राहिले, हे त्यात येत नाही.

मला वाचायची आहे ती मराठी कादंबरी नऊ ते बारा या तीन तासांत घडेल. ओपन लागला आहे, क्लोज यायचा आहे, आणि गावची मनीऑर्डर अजून पाठवायची आहे.