सुईची साक्ष

एड्सचा पाठ शिकवताना 'दूषित सुई टाळा' एवढे सांगून आपण पुढे जातो. सुया दूषित होण्याचे प्रमाण कमी करता येते का, हा प्रश्न राहूनच जातो. येल विद्यापीठातील एडवर्ड कॅप्लान यांचा अभ्यास शिक्षकांनी त्यासाठी अवश्य पाहावा, आणि थोडा संशय बाळगून पाहावा.

अमेरिकेतील न्यू हेवन शहरात नोव्हेंबर १९९० पासून, मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्यांना जुन्या सुईच्या बदल्यात नवी देणारी गाडी फिरू लागली. याने संसर्ग खरोखर थांबतो का? व्यसनी माणसाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीना. कॅप्लान यांनी मग माणसांऐवजी सुयांची साक्ष काढली. प्रत्येक सुईला क्रमांक दिला गेला आणि परत आलेल्या सुयांतील रक्तात एचआयव्ही शोधला गेला. आरंभी सुमारे दोन-तृतीयांश सुया दूषित होत्या. काही महिन्यांत हे प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांशाने घटले.

कारण साधे आहे, पण चटकन सुचत नाही. रोनाल्ड रॉस यांच्या हिवतापाच्या गणितात जे डासाचे स्थान, तेच येथे सुईचे. सुई रस्त्यावर जितके कमी दिवस राहील, तितक्या कमी हातांतून जाईल. माणसांच्या सवयी तशाच राहिल्या तरी संसर्ग घटतो! या गणितानुसार गाडीवर येणाऱ्यांतील नवे संसर्ग ३३ टक्क्यांनी कमी झाले.

हा आकडा मात्र रुग्ण मोजून आलेला नाही, तो समीकरणातून निघाला आहे. शिवाय तपासल्या गेल्या त्या परत आलेल्या सुया. जे गाडीकडे फिरकलेच नाहीत, त्यांच्याविषयी त्या काय सांगणार? सवयी बदलल्याच नाहीत असे धरल्यामुळे आकडा फुगवल्याचा आरोप करता येत नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. याच गाडीवरचे कार्यकर्ते लोकांना व्यसनमुक्तीच्या उपचारांकडेही पाठवीत. अशा कामात एकेका माणसामागे लागावे लागते. केंद्रात जागा मिळेपर्यंत त्याला धीर द्यायचा, तो मध्येच गळाला तर पुन्हा शोधून आणायचा. कॅप्लान यांच्या समीकरणात या कष्टांना चिन्हच नाही. तेथे कार्यकर्ता म्हणजे सुईचे आयुष्य कमी करणारे एक साधन. १९९२ मध्ये कनेटिकट राज्याने चिठ्ठीशिवाय सुया विकत घेण्यास मुभा दिली, त्या वादात वजन पडले ते ३३ टक्क्यांचे. गाडीतून उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचा हिशेब त्या आकड्यात नव्हता.