बारा इंचांची शिस्त

रेकॉर्डचं कव्हर ही कला आहे की नाही, हा वाद मिटून बराच काळ लोटला. कव्हरं चौकटीत बसून भिंतीवर गेली, लिलावात उभी राहिली, जाडजूड चित्रग्रंथांत छापली गेली. आता प्रश्न उरतो तो त्यांत आपण नेमकं काय जपतो आहोत याचा.

1940पर्यंत अमेरिकेत बहुतेक रेकॉर्डी साध्या, करड्या-तपकिरी वेष्टनांत विकल्या जात. त्या वर्षी कोलंबिया कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने संगीतासाठी खास चित्र काढून कव्हर करायला सुरुवात केली. 1948मध्ये एलपी आली आणि चित्रकाराच्या हाती 12 इंचांचा चौकोन पडला. त्या चौकोनाचं सोनं कुणी केलं असं विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी काम करणाऱ्या रीड माइल्सने.

ब्लू नोट चालवणारे आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे बर्लिनहून आलेले दोन ज्यू मित्र. वुल्फ मुळात छायाचित्रकार. ध्वनिमुद्रण चालू असताना तो वादकांच्या अवतीभवती फिरत फोटो काढायचा, आणि 1950च्या दशकाच्या मध्यापासून ते फोटो माइल्सच्या टेबलावर जाऊ लागले. एका कव्हरची मजुरी सुमारे 50 डॉलर, छपाईला बहुधा एक किंवा दोन रंग. माइल्सला स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती. त्याचा ओढा पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे. तरीही या कंजूष सामग्रीतून त्याने जे उभं केलं, त्याची सर पुढच्या दशकातल्या महागड्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कव्हरांना क्वचितच आली.

जॅझवादक एरिक डॉल्फीची ‘आउट टु लंच’ घ्या. दुकानाच्या दारावर लटकणारी ‘परत येतो’ची पाटी, तिच्यावर घड्याळाची तबकडी, आणि त्या तबकडीला एकाऐवजी कितीतरी काटे. माणूस परत येणार हे नक्की, पण केव्हा, ते कळायला मार्ग नाही. आता रेकॉर्ड लावा. टोनी विल्यम्स, वय अवघं अठरा, ड्रमवर ताल असा फोडतो की सम हाती लागते-लागते तोच निसटते. कव्हर आणि संगीत इथे एकच गोष्ट सांगतात. फेब्रुवारी 1964मध्ये हे ध्वनिमुद्रण झालं आणि जूनमध्ये, रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच, डॉल्फी गेला. हे ठाऊक झाल्यावर ती पाटी सहज बघवत नाही.

त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या जॅकी मॅकलीनच्या ‘इट्स टाइम!’चं कव्हर उद्गारचिन्हांनी गच्च भरलेलं आहे, फोटो चिमुकला. अक्षर आणि चिन्ह हेच इथे चित्र होतं. सनी क्लार्कच्या ‘कूल स्ट्रटिन’वर तर वादक नाहीच; रस्त्यावरून चाललेल्या बाईचे फक्त पाय, बाकीचं शरीर निर्दयपणे कापलेलं. चाल दिसते, आणि चाल हाच त्या रेकॉर्डचा विषय.

संग्राहकांचा बाजार मात्र याकडे पाहून भाव ठरवत नाही. ब्लू नोटची जुनी प्रत हाती आली की तो आधी तबकडीवरच्या लेबलावर कंपनीचा कुठला पत्ता आहे ते पाहतो, मग लेबलालगतच्या कोऱ्या भागात कानासारखी दिसणारी ती खूण शोधतो. प्लास्टिलाइट या कारखान्याची ती निशाणी; ती असली तर किंमत चढते. कव्हर तेच, रेषा त्याच, पण मोल दुर्मिळतेला. चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनने 1968मध्ये बीटल्सच्या पांढऱ्या कव्हरावर अनुक्रमांक छापले, तेव्हा लाखोंनी निघणाऱ्या वस्तूला मर्यादित आवृत्तीचा थाट देण्यातली गंमत त्याला हवी होती. 2015मध्ये बीटल्सच्याच रिंगो स्टारकडची पहिल्या क्रमांकाची प्रत 7,90,000 डॉलरला गेली. बाजाराने ती गंमत अक्षरशः खरी मानली.

आजची स्थिती दुहेरी आहे. 2022मध्ये अमेरिकेत, 1987नंतर प्रथमच, सीडींपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या. जुन्या कव्हरांच्या पुनर्मुद्रणात जाड पुठ्ठा, झळाळती छपाई अशी उत्तम कारागिरी दिसते, आणि ती मला मनापासून आवडते. पण नवं कव्हर आधी मोबाइलवरच्या नखाएवढ्या चौकोनात उठून दिसावं लागतं, म्हणून ठळक चेहरा आणि एक भडक रंग यांवर भागवलं जातं. माइल्सची दुरंगी धाटणी तर कॉफीच्या दुकानांतल्या पोस्टरांवर इतकी उचलली गेली आहे की तिच्यामागचा विचार हरवून नुसती शैली उरली.

म्हणून प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे एक मागणं आहे. वुल्फचे मूळ, न कापलेले फोटो जपलेले आहेत. माइल्सने वादकांची डोकी बेधडक छाटलेली वुल्फला खुपत असे, असं सांगतात. तो मूळ फोटो आणि तयार कव्हर शेजारी-शेजारी लावा, खाली ती रेकॉर्ड ऐकायची सोय करा, आणि कव्हरची मागची बाजूही दाखवा; तिथल्या टिपणांत वादक कोण आणि त्या दिवशी काय वाजलं हे लिहिलेलं असतं. चौकटीत टांगलेल्या कव्हराची ही बाजू आज भिंतीकडे तोंड करून असते.