गझालीचा तराजू

अबू हामिद अल-गझाली म्हटले की तत्त्वज्ञांवर तुटून पडणारा धर्मपंडित डोळ्यांपुढे येतो. ‘तहाफुत अल-फलासिफा’त त्याने इब्न सीनाच्या मतांची जी झाडाझडती घेतली, तिने ही ख्याती पक्की केली. पण त्या झाडाझडतीत एक वस्तू त्याने हलक्या हाताने बाजूला काढून ठेवली होती, ती म्हणजे तर्कशास्त्र. ॲरिस्टॉटलचे तर्कग्रंथ अरबीत आले, बगदादमध्ये त्यांचे अध्ययन रुजले, फाराबीने भाष्ये लिहिली, इब्न सीनाने सगळी मांडणी नव्याने केली. तरी बऱ्याच धर्मपंडितांच्या लेखी तो परका मालच होता. गझालीने तो घरात कसा घेतला हे पाहायचे, तर त्याचे ‘अल-किस्तास अल-मुस्तकीम’ हे छोटे पुस्तक वाचावे. नावाचा अर्थ सरळ, खोट नसलेला तराजू. हे नाव कुराणातूनच उचललेले आहे.

पुस्तक संवादाच्या रूपात आहे. प्रवासात गझालीला एक तालीमपंथी भेटतो. तालीमपंथी म्हणजे इस्माइली. माणसांच्या बुद्धीत मतभेद होतात, म्हणून सत्य फक्त निर्दोष इमामाकडूनच शिकता येते, असे ते मानत. त्यांच्या हसन-ए-सब्बाहने 1090 मध्ये अलमूतचा किल्ला घेतला होता. गझालीला बगदादच्या निझामिया मदरशात नेमणारा वजीर निझाम-उल-मुल्क 1092 मध्ये मारला गेला, तेव्हा बोट त्यांच्याकडेच दाखवले गेले. तेव्हा हा वाद गझालीला नुसता पोथीतला नव्हता. तरी संवादाचा सूर थट्टेचा आहे, आणि मला तो फार आवडतो. प्रवासी विचारतो, तू ज्ञान कशाने तोलतोस? स्वतःच्या मताने, की इमामाच्या शिकवणीने? गझाली दोन्ही नाकारतो. देवाने पाठवलेल्या पाच तराजूंनी, असे त्याचे उत्तर. प्रवासी चकित होतो आणि आपणही.

मग तो व्यवहारातली गोष्ट काढतो. परक्या गावात तुला कुणाचे देणे तोलून द्यायचे आहे. समोरचा काटा खरा आहे हे तू कशावरून ठरवतोस? काटा घडवणाऱ्यावर श्रद्धा ठेवून? तसे नाही. तू दांडी बघतोस, रिकामी पारडी समपातळीत आहेत का ते बघतोस. या एका प्रश्नात इमामाची गरज निम्मी संपते. ज्याची पारख आपली आपल्याला करता येते, त्यासाठी गुरूच्या शब्दाची हमी कशाला?

पहिला तराजू सर्वांत मोठा. प्रेषित इब्राहीम आणि राजा नमरूद यांची कुराणातली गाठ गझाली घेतो. इब्राहीम म्हणतो, माझा देव सूर्य पूर्वेकडून आणतो, तू तो पश्चिमेकडून आणून दाखव. नमरूद निरुत्तर होतो. या प्रसंगात एक विधान न बोललेलेच राहिले आहे, हे गझाली हेरतो. जो सूर्य उगववू शकतो तो ईश्वर. माझा देव सूर्य उगववतो. म्हणून माझा देवच ईश्वर. दोन विधाने ही दोन पारडी, आणि दोन्हींत सामाईक असलेले पद हा त्यांना तोलून धरणारा खांब. ॲरिस्टॉटलच्या अनुमानाची पहिली आकृती ती हीच.

आता लेखकाची गंमत बघा. सूर्य हलवणाऱ्या या प्रसंगानंतर तो चक्क खेचर आणतो. पोट फुगलेले एक जनावर समोरून जाते आणि कुणी म्हणते की ते गाभण आहे. खेचर वांझ असते हे तुला अनुभवाने ठाऊक आहे, हे खेचर आहे हे डोळ्यांना दिसते आहे, मग ते गाभण नाही. नमरूदला गप्प करणारा आणि खेचराचे पोट तपासणारा तराजू एकच! प्रेषिताचा युक्तिवाद आणि रस्त्यावरचा तर्क यांना एका आकारात बसवण्याचे हे धाडस मला पुस्तकाचा गाभा वाटते.

दुसऱ्या तराजूतही इब्राहीमच आहे. चंद्र मावळतो, ईश्वर मावळत नाही, म्हणून चंद्र ईश्वर नाही. पण याच गोष्टीत गझाली पुढे सैतानाचा खोटा तराजूही दाखवतो. ईश्वर सर्वांत मोठा, सूर्य सर्वांत मोठा, म्हणून सूर्य ईश्वर. दिसायला अगदी तसाच, आतून पोकळ. एकच गुण दोन वस्तूंना लागू पडला म्हणून त्या एक होत नाहीत. पांढरा रंग आहे, काळाही रंगच आहे. म्हणून पांढरा काळा ठरत नाही. खोटे नाणे खऱ्याच्या शेजारी, त्याच कथेत ठेवायचे, हे शिकवण्याचे कसब फार वरचे आहे. उरलेले तीन तराजू तो झपाट्याने पार करतो. त्यांत, एकाहून अधिक देव असते तर विश्व विस्कटले असते, हा युक्तिवाद ‘जर-तर’चा नमुना म्हणून चोख बसतो.

दुबळी जागाही आहे. प्रवासी मध्यापासून फार लवकर नरमतो. खरा इस्माइली पंडित इतक्यात सोडता ना. तराजू ठीक, पण पारड्यात घालायची विधाने कोण निवडणार, असे त्याने विचारले असते. माणसे भांडतात ती बहुधा तिथेच. इंद्रिये, अनुभव आणि स्वयंसिद्ध बुद्धी यांतून विधाने यावीत, हे गझालीचे उत्तर खेचराला पुरते. परलोकाला पुरते का, याबद्दल मला शंका आहे.

शेवटाकडे तो कबूल करतो की नावे माझी आहेत, तराजू जुने आहेत. पूर्वीच्या लोकांकडे ते दुसऱ्या नावांनी होते आणि त्यांनी ते इब्राहीम-मूसाच्या ग्रंथांतून घेतले होते. ॲरिस्टॉटलचे श्रेय असे प्रेषितांच्या खात्यात जमा होते. पुढे धर्मपंडित इब्न तैमियाने (मृत्यू 1328) नेमके यावरच बोट ठेवले. देवाचा तराजू ग्रीकांच्या आधीपासून प्रेषितांबरोबर आला, तर तो ग्रीक तर्कशास्त्र कसा असेल? इतिहास म्हणून इब्न तैमिया बरोबर आहे. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. 1109 मध्ये पूर्ण झालेल्या ‘अल-मुस्तस्फा’ या न्यायशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथाला गझालीने तर्कशास्त्राची प्रस्तावना जोडली आणि ज्याला हे येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा ठेवता येत नाही, असे बजावले. तिथे त्याने ना प्रवासी आणला, ना खेचर.