ब्रॉयगलच्या चित्रातला उपवासकाळ

आज आपल्याला एकच चित्र बघायचं आहे. ज्यांच्यासमोर संगणक आहे त्यांनी ते शेजारी उघडून ठेवलं तर फार बरं होईल. व्हिएन्नाच्या कलेतिहास संग्रहालयाने हे चित्र अगदी बारीकसारीक तपशिलांसह नेटवर ठेवलेलं आहे. चित्रकार थोरला पीटर ब्रॉयगल, साल 1559, लाकडी फळीवर तैलरंग, रुंदी साधारण 164 सेंटिमीटर आणि उंची 118. नाव आहे ‘कार्निव्हल आणि लेंट यांची लढाई’.

लेंट म्हणजे ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा काळ. मराठी ख्रिस्ती घरांत कुणी त्याला उपवासकाळ म्हणतं, कुणी प्रायश्चित्तकाळ. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून तो सुरू होतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. कॅलेंडरवर बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर 46 दिवस भरतात. मधले रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. परंपरेने या काळात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: प्रार्थना, उपास आणि दानधर्म. ही तीन नावं लक्षात ठेवा, चित्र बघताना लागतील.

आता चित्राकडे येऊ. गावातला भरगच्च चौक आहे. डावीकडे खानावळ, उजवीकडे चर्च. पुढच्या बाजूला, अगदी मध्याजवळ, दोन पात्रं आमनेसामने आली आहेत. डावीकडचा लठ्ठ माणूस म्हणजे कार्निव्हल. तो बियरच्या पिंपावर घोड्यासारखा बसलाय. हातात भाल्याऐवजी लोखंडी सळई आहे, तिच्यावर डुकराचं मुंडकं, कोंबडी असं काय काय खोचलेलं. समोर लेंट. हडकुळी, पडक्या चेहऱ्याची बाई. चाकांच्या फळीवर ठेवलेल्या खुर्चीत ती बसली आहे आणि एक संन्यासी व एक जोगीण तिचा गाडा ओढताहेत. तिच्या डोक्यावर मधमाश्या पाळायची गवती टोपली आहे. तिचं शस्त्र म्हणजे भट्टीत पाव सारायचं लांब दांड्याचं फावडं, आणि त्यावर दोन हेरिंग मासे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. मागे पोरं चालली आहेत, कपाळाला राख, हातात लाकडी खटखटे. पवित्र सप्ताहाच्या शेवटी चर्चच्या घंटा मुक्या होतात, तेव्हा हे खटखटे वाजवायचे.

या चित्राबद्दल नेहमी एक गोष्ट सांगतात. एका बाजूला मौज, दुसऱ्या बाजूला संयम, आणि चित्रकार दोघांची सारखीच थट्टा करतोय. यातली थट्टा आम्हाला मान्य आहे, पण ‘सारखीच’ हा शब्द मान्य नाही. आजचं बोलणं त्या एका शब्दाबद्दल आहे.

मुळात ही लढाई खरी आहे का, ते बघू. कार्निव्हल हा शब्द मांस बाजूला ठेवण्यावरून आला. गोव्यात त्याच सणाला इंत्रुज म्हणतात. तो पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’वरून आलेला शब्द, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला प्रवेश या अर्थाचा शब्द आहे. कशात प्रवेश? तर लेंटमध्ये. म्हणजे मौजेच्या सणाची ही दोन्ही नावं उपवासकाळाकडेच तोंड करून उभी आहेत. घरातलं मांस, लोणी, अंडी संपवायची आणि बुधवारी हात धुऊन बसायचं, असा तो साधा हिशोब. मग ब्रॉयगलने त्यांना एकमेकांवर का धाडलं?

त्यांच्या हातांत काय आहे ते बघितलं की उत्तर मिळतं. एकाच्या हातात मांस, दुसरीच्या हातात मासे. दोघांचीही शस्त्रं स्वयंपाकघरातली आहेत. लेंटच्या गाड्यावर सुका पाव आहे, शिंपल्या आहेत. प्रार्थना, उपास, दानधर्म या तिघांपैकी तिच्या गाड्यावर एकच दिसतो, आणि तोसुद्धा जेवणाच्या यादीच्या रूपात. चित्रकाराची खरी टीका आम्हाला इथे दिसते. उपवासकाळाला ताटापुरता करून टाकलं की तो कार्निव्हलचा प्रतिस्पर्धी होतो. तोही मग एक मिरवणूक काढतो, आणि मिरवणुकीपुढे मिरवणूक आली की धक्काबुक्की ठरलेली.

हे त्या काळात अगदी खरं घडत होतं. मध्ययुगीन युरोपात लेंटमध्ये मांसच नव्हे, बऱ्याच ठिकाणी दूध, लोणी, अंडीही वर्ज्य होती. पण पैसे भरून लोण्याची परवानगी मिळत असे. फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलला एक मनोरा आहे, त्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात, कारण लोण्याच्या परवानगीपोटी भरलेल्या पैशांतून तो उभा राहिला असं सांगतात. 1522 साली झुरिकमध्ये तर लेंटमध्ये सॉसेज खाल्लं म्हणून गाव पेटलं. फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी काही लोकांनी सॉसेज खाल्ले. धर्मसुधारक झ्विंगली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण पुढे प्रवचन देऊन खाणाऱ्यांची बाजू घेतली. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेच्या सुरुवातीला एक सॉसेज आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. ब्रॉयगल राहत होता अँटवर्पमध्ये, जिथे दोन्ही पक्षांचे लोक शेजारी-शेजारी होते. चित्रातल्या चर्चमध्ये बघा, लेंटच्या प्रथेप्रमाणे मूर्ती कापडाने झाकल्या आहेत. हे चित्र झाल्यावर सातच वर्षांनी, 1566 मध्ये, अँटवर्पच्या चर्चमधल्या मूर्ती लोकांनी फोडल्या. तेव्हा खाण्यावरून आणि बाह्य आचारावरून माणसं कुठवर जातात, हे या चित्रकाराला लांबून बघावं लागलं नाही.

आपण मराठी माणसांनी यावर फार हसू नये. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपलीच आहे. आणि आमच्या किनाऱ्यावरची गोष्ट सांगायची तर, शुक्रवारी मटण नाही म्हणून घरात पापलेट येतं, तेव्हा नियम पाळला जातो पण त्याग नेमका कशाचा झाला हे कोळणीलाच विचारावं लागेल! हॉलंड-बेल्जियमकडे खारवलेली हेरिंग हे गरिबाचं खाणं होतं. आपल्याकडे तोच नियम मेजवानी होऊन बसतो.

गंमत म्हणजे ही टीका ख्रिस्ती धर्माच्या बाहेरून आलेली नाही. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात येशू सांगतो की उपास करताना चेहरा धुवा, डोक्याला तेल लावा, उपास लोकांना दिसू देऊ नका. हे ऐकतो आणि लगेच आपण कपाळावर राख घेऊन रस्त्यावर येतो. ही विसंगती चर्चने लपवलेली नाही, दोन्ही गोष्टी एकाच सकाळी समोरासमोर ठेवल्या आहेत. दोनच दिवसांनी, शुक्रवारी, कॅथलिक चर्चमध्ये यशयाचा 58वा अध्याय वाचतात. तिथे संदेष्टा विचारतो की तुमच्या उपासाच्या दिवशी तुमच्या मजुरांचं काय चाललंय? आणि खरा उपास म्हणजे भुकेल्याला भाकरी, बेघराला घर, असं सांगतो. पाचव्या शतकातले पोप लिओ यांच्या प्रवचनांतही हाच हिशोब आहे: तुम्ही जे खाल्लं नाही ते कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. नाहीतर ती नुसती बचत.

ही कसोटी घेऊन आता चित्राकडे परत या, आणि या वेळी मासे बघू नका, भिकारी बघा.

डाव्या बाजूला, खानावळीच्या अंगाला, पांगळ्या माणसांचा एक घोळका आहे. कुबड्या टेकत ते भीक मागायला बाहेर पडलेत. समोर एक नाटुकलं चाललंय, लोक ते बघण्यात गुंग आहेत. पांगळ्यांकडे एकाचंही लक्ष नाही. आता उजवीकडे या. चर्चमधून चांगल्या कपड्यांतली माणसं बाहेर पडताहेत, वाटेत अपंग, आंधळे, लेकुरवाळ्या बाया बसल्या आहेत, आणि इथे हात पुढे होताहेत. पैसे दिले जाताहेत. हे हात कितपत मनापासून पुढे झाले, सवयीने की देवाच्या भीतीने, ते ब्रॉयगल सांगत नाही. पण एका बाजूला हात पुढे होतो आणि दुसऱ्या बाजूला होत नाही, एवढं त्याने स्पष्ट रंगवलंय. म्हणून थट्टा ‘सारखीच’ नाही. लेंटचा गाडा हास्यास्पद आहे, पण त्याच्या मागे जी वाट आहे तिच्यावर गरीब माणूस निदान दिसतो.

आता एक कबुली. आम्ही हे चित्र पहिल्यांदा पुस्तकात पाहिलं आणि कित्येक वर्षं पाहत राहिलो. हेरिंग किती, पाव किती, खेळ कुठले, सगळं मोजलं होतं. या भिकाऱ्यांना मात्र आम्ही ‘गर्दी’ समजून सोडून दिलं होतं. नाटुकलं बघणाऱ्या त्या लोकांत आणि आमच्यात काय फरक राहिला?

आणि हे फक्त आमचंच नाही. या चित्राच्या उजव्या बाजूला, दान देणाऱ्यांच्या जवळ, ब्रॉयगलने एक प्रेत रंगवलं होतं. पुढच्या काळात कुणीतरी त्यावर रंग चढवून ते झाकलं. चित्रकाराच्या मुलाने, धाकट्या ब्रॉयगलने, या चित्राच्या प्रती केल्या. तिथे जे दिसतं, ते मूळ चित्रात रंगाखाली गेलंय. कुणी झाकलं, त्याचा हेतू काय, यावर आम्ही तर्क करणार नाही. पण काय ठेवलं आणि काय झाकलं ते बघा. डुकराचं मुंडकं ठेवलं, हेरिंग ठेवली, राख लावलेली पोरं ठेवली. झाकलं ते प्रेत. आम्हाला वाटतं, उपवासकाळाचं आपण नेमकं हेच करतो. राख, शुक्रवार, क्रुसाची वाट, झावळ्यांचा रविवार हे सगळं ठेवतो, आणि ज्याच्याकडे बघायला म्हणून हे सगळं आहे त्यावर सफाईने रंग फासतो.

मग कुणी विचारेल, उपास सोडूनच द्यायचा का? 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम पुष्कळ सैल केले. कॅथलिकांना सक्तीच्या उपासाचे दिवस आता दोनच उरले, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. पण नियम कमी झाले म्हणून डोळे आपोआप उघडत नाहीत. आमचं मत असं की भुकेचा उपयोग आहे. ज्याने दुपारपर्यंत काही खाल्लेलं नाही, त्याला सिग्नलवरच्या पोराचा हात जरा लवकर दिसतो. मात्र भूक तिथवर पोचली पाहिजे. पापलेटपाशी थांबली तर ती तिथेच विझते.

या चित्राची एक मर्यादाही सांगायला हवी. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये पश्चात्तापासाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ मन पालटणं. मनातला पालट रंगवायचा कसा? ब्रॉयगलसारख्या गर्दीच्या चित्रकाराला ते अवघडच. पण त्याने एक प्रयत्न केलाय. चौकाच्या मध्यावर एक जोडपं आपल्याकडे पाठ करून चाललंय. त्यांच्या पुढे एक विदूषक, भर दिवसा मशाल घेऊन. बाईच्या कमरेला कंदील आहे, तो विझलेला. चेहरे दिसत नाहीत. काही अभ्यासक त्यांना सामान्य माणसाचं प्रतीक मानतात. आम्ही एवढंच म्हणू, की दोन मिरवणुकांच्या भांडणात या दोघांना वाट दाखवायला एक विदूषकच मिळाला. कंदील त्यांच्याजवळ आहे, तो पेटवणं कुणा दुसऱ्याच्या हातात नाही, आणि तो पेटताना चित्रकार दाखवत नाही. ते काम त्याने बघणाऱ्यावर सोडलंय, असं आम्ही धरून चालतो.

तेव्हा विनंती एकच. आज रात्री हे चित्र पुन्हा उघडा. लढाई राहू द्या बाजूला. उजव्या कोपऱ्यात जा, तिथे बसलेल्या माणसांकडे पाच मिनिटं बघा. उद्या सकाळी घराबाहेर पडाल तेव्हा ती पाच मिनिटं सोबत न्या. उपवासकाळ पाळणारे असाल तर तो तिथून सुरू होईल, आणि पाळणारे नसाल तरी त्या पाच मिनिटांना कुणाची ना नाही.