बिनकामाचा वाद्यवृंद

जॅझ-रॉकच्या अल्बमांत वाद्यवृंद येऊ लागल्याला अर्धशतक उलटून गेले, तरी बहुतेक अल्बमांत त्याला काम दिलेले नसते. इलेक्ट्रिक गिटारच्या लांबलचक सोलोखाली व्हायोलिनांचा ताफा एकेक सूर ओढत राहतो, कळस जवळ आला की आवाज चढवतो आणि पुन्हा मागे सरतो. गिटारवादक पॅट मेथिनीचा ‘फ्रॉम धिस प्लेस’ (2020) हे याचे सर्वांत त्रासदायक उदाहरण. त्रासदायक अशासाठी, की मेथिनीला हार्मनीची जाण नाही असे कोणीच म्हणणार नाही. या अल्बमात चौकडीचे वादन आधी ध्वनिमुद्रित झाले आणि हॉलिवुड स्टुडिओ सिंफनी त्यावर मागाहून चढवली गेली. गिल गोल्डस्टीन आणि ॲलन ब्रॉडबेंट यांचे संयोजन कसबी आहे. पण जे वादन आता तसूभरही बदलू शकत नाही, त्याच्याशी वाद्यवृंदाने बोलायचे काय? तो मान डोलावतो, आणि तासाहून अधिक काळ मान डोलावतच राहतो.

अडचण मुळात ध्वनीची आहे. डिस्टॉर्शन लावलेली गिटार आपल्या सुराभोवती उपस्वरांची दाटी करते आणि ही दाटी नेमकी व्हायोलिन-व्हायोलांच्या पट्ट्यात पडते. तिचा आवाज सपाट आणि सतत भरलेला असतो, तर वाद्यवृंदाची अर्धी अभिव्यक्ती आवाजाच्या चढ-उतारात असते. शिवाय वीस वादकांचे गज तारेवर एकाच क्षणी पडत नाहीत. सुराची सुरुवात किंचित पसरते. संथ लयीत हे पसरणे सुंदर वाटते, पण ‘बर्ड्‌स ऑफ फायर’सारख्या अठरा मात्रांच्या आवर्तनात ड्रमचा ठोका पुढे निघून जातो. तिसरी अडचण रचनेची. जॅझ-रॉकचा रिफ मिनिटेच्या मिनिटे एका आधारस्वराला धरून राहतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला त्यात काही वावगे वाटणार नाही, पण कॉर्डच्या हालचालीवर जगणाऱ्या वाद्यवृंदाची तिथे उपासमार होते.

महाविष्णु ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा ‘अपॉकॅलिप्स’ (1974) या तिन्ही अडचणींना समोरासमोर भिडला. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, संचालनाला मायकेल टिल्सन थॉमस, निर्माता जॉर्ज मार्टिन आणि संयोजक मायकेल गिब्ज, असा हा जामानिमा. बँडप्रमुख गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनची हाव इथे उघड दिसते आणि ती लोभसही आहे. मात्र ‘व्हिजन इज अ नेकेड स्वोर्ड’मध्ये बँड आणि वाद्यवृंद बहुतांशी पाळीपाळीने बोलतात. ‘हिम टू हिम’ची एकोणीस मिनिटे एकसंध वाटतात ती ज्याँ-ल्युक पाँटीच्या इलेक्ट्रिक व्हायोलिनमुळे. हे वाद्य गजाचेही आहे आणि विजेचेही, म्हणून दोन्ही गोटांत त्याची ये-जा चालते.

पुढच्याच वर्षीचा ‘व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियॉन्ड’ याहून कितीतरी मोलाचा आहे, आणि त्याची कायम उपेक्षाच होत आली. इथे लंडनचा अवाढव्य ताफा नाही. पाँटी, स्टीव्ह किंडलर आणि कॅरोल शाइव्ह यांची व्हायोलिने आणि फिलिप हिर्शीचा चेलो बँडच्या आतच बसलेले आहेत. ‘इटर्निटीज ब्रेथ’मध्ये तारवाद्ये रिफमध्ये शिरतात, नॅराडा मायकेल वॉल्डनच्या ड्रमशी झोंबतात, ‘पास्टोरल’मध्ये ती गिटारच्या शेजारी बसून तिच्याइतक्याच हलक्या हाताने बोलतात. चार गज पुरले, कारण चौघांनाही लय अंगावर घ्यावी लागली. यानंतर मॅक्लॉफ्लिन ‘शक्ती’ या बँडकडे वळला. तिथे एल. शंकर यांचे एकटे व्हायोलिन आणि बिनविजेची गिटार एकाच दमात जी तान घेतात, ती पाहता लंडन सिंफनीचे बिल उगाचच भरले गेले असे म्हणावेसे वाटते.

जॉर्ज मार्टिनने त्याच काळात जेफ बेकच्या ‘ब्लो बाय ब्लो’साठी (1975) तारवाद्ये लिहिली. ‘स्कॅटरब्रेन’च्या नऊ मात्रांत ती गिटारच्या पाठोपाठ धावतात, ‘डायमंड डस्ट’च्या पाच मात्रांत सावरून बसतात. काटकसरीचा हा नमुना पुढे फारच थोड्यांनी गिरवला. डीप पर्पलच्या 1969च्या कॉन्चेर्टोला ऐतिहासिक महत्त्व आहे, सांगीतिक नाही. सीटीआय कंपनीच्या गुळगुळीत व्हायोलिनांविषयी न लिहिलेलेच बरे.

जॅझमधला सर्वश्रेष्ठ संयोजक म्हणून ज्या गिल इव्हान्सचे नाव घेतले जाते, त्याने ‘स्केचेस ऑफ स्पेन’मध्ये व्हायोलिनांचा ताफा घेतलाच नाही. हॉर्न, बासऱ्या, ट्युबा आणि हार्प यांतून त्याने रंग काढले. मोठेपणा वादकसंख्येत नसून स्वरमेळाच्या घडणीत असतो हे 1960 सालीच सिद्ध झाले होते. तरीही कंपन्या अल्बमच्या वेष्टणावर फिलहार्मोनिक छापण्यासाठी पैसे ओततात आणि समीक्षक ‘भव्य’ हा शब्द उधळतात. भव्यता हा संगीतातला गुण मानायचे काही कारण नाही.

स्नार्की पपीचा ‘सिल्व्हा’ (2015) बिनकामाच्या वाद्यवृंदाच्या या चालीला अपवाद ठरतो, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. नेदरलँड्‌समधल्या डॉर्ड्रेख्टमध्ये श्रोत्यांसमोर बँड आणि मेट्रोपोल ऑर्केस्ट एकत्र वाजवत होते. ज्यूल्स बकलीच्या हाताखाली दोघांनाही एकमेकांचे ऐकावे लागले. बँडच्या मायकेल लीगने रचनाच या जोडीसाठी केल्या होत्या. काही जागी त्या नको तितक्या खुशीत आहेत, पण वाद्यवृंद कुठेही पाहुणा वाटत नाही.

बिल फ्रिझेलचा ‘ऑर्केस्ट्राज’ (2024) तर वाद मिटवायलाच आल्यासारखा आला. संयोजक पुन्हा गिब्ज, ‘अपॉकॅलिप्स’नंतर पन्नास वर्षांनी; फ्रिझेल बर्कली संगीत महाविद्यालयात त्याचा विद्यार्थी होता. गिटार इथेही इलेक्ट्रिकच आहे, पण तिच्या सुरांत मोकळ्या जागा आहेत आणि ब्रसेल्स फिलहार्मोनिक त्या जागांतून आत येते. कित्येक ठिकाणी फ्रिझेल दोन सूर वाजवून थांबतो आणि वाक्य वाद्यवृंद पुरे करतो. ज्याला ते वाक्य स्वतःच पुरे करायचे आहे, त्या गिटारवादकाने वाद्यवृंद बोलावूच नये. त्याला एक चांगला ड्रमर पुरतो, आणि तो कितीतरी स्वस्तात मिळतो.